झाकणाला हात लावू नये: उकडहंडी पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

उकडहंडी लावायला दोन माणसं लागतात. एक हंडी लावणारा आणि दुसरा, त्या पहिल्याला हंडी उघडून बघू न देणारा. मडकं, कोनफळ, पापडी, शेणी हे सगळं बाजारात मिळतं, हा दुसरा माणूस मिळत नाही. तो आधीच ठरवून ठेवावा. शक्यतो नात्यातला नसावा, कारण नात्यातल्या माणसाला दहाव्या मिनिटाला स्वतःलाच आत डोकवायचं असतं.

नवशिका कोणाला म्हणायचं, ते आधी सांगतो. वसई, विरार, केळवे, माहीम या पट्ट्यात ज्यांच्या घरच्यांची वाडी होती आणि ज्यांनी लहानपणी पौषातल्या थंडीत शेकोटीपाशी बसून ही हंडी खाल्ली, ते नवशिके नव्हेत. त्यांना येत काही नसलं तरी मत असतं. नवशिका म्हणजे विरार पश्चिमेला बाराव्या मजल्यावर नुकतं घर घेतलेला गृहस्थ. गेल्या डिसेंबरात ऑफिसातल्या वाडवळ मित्राने आगाशीच्या वाडीवर बोलावलं, तिथे केळीच्या पानावर जांभळं-हिरवं, वाफाळतं काहीतरी पुढ्यात आलं, ते त्याने तीनदा मागून घेतलं. परतताना तो बायकोला म्हणाला, ‘यात काय आहे एवढं? सगळं एकत्र टाकायचं आणि शिजवायचं.’ हे मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे.

यात एवढं काय आहे, तर असं: हिवाळ्यातल्या शेंगा, कंद आणि भाज्या हिरव्या वाटणात घोळायच्या, मातीच्या हंडीत थरावर थर रचायच्या आणि पाण्याचा थेंब न घालता आपापल्या वाफेवर शिजू द्यायच्या. रायगडात पोपटी, सुरतेकडे उंधियू, वलसाडच्या हमरस्त्यावर उंबाडियू, ही सगळी भावकी. भावकी म्हटल्यावर भांडण आलंच. पोपटीवाले भांबुर्ड्याच्या पाल्यावरून आपला हक्क सांगतात, आत कोंबडी आणि अंडी दडवतात. उंधियूवाले मेथीचे मुठिये तळून घालतात आणि तेल असं ओततात की भाजी पोहायला शिकते. नवशिक्याने या वादात पडू नये. कोणी विचारलंच तर ‘आमच्याकडे असं करतात’ म्हणावं. आमच्याकडे म्हणजे कुठे, हे विचारायची पद्धत नाही.

हल्ली आणखी एक प्रश्न येतो. पोरं विचारतात, हे त्या ग्रीक मुसाकासारखंच ना? तसं म्हणायला हरकत नाही. मुसाकात वांग्याचे काप मीठ लावून, पिळून, ऑलिव्ह तेलात तळतात आणि ताटात पसरतात. त्यावर कांदा-टोमॅटो-दालचिनीत शिजवलेला मटणाचा खिमा, पुन्हा वांगी, आणि सगळ्यांत वर लोणी, मैदा आणि दूध आटवून केलेला पांढरा जाड थर. मग ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाऊण ते एक तास. बाहेर काढल्यावर अर्धा तास त्याला कोणी सुरी लावायची नाही, नाहीतर थर घसरतात. इथपर्यंत शिस्त आपल्यासारखीच.

ग्रीक माणूस छातीवर हात ठेवून सांगतो की हे आमच्या पणजीच्या पणजीपासूनचं आहे. तो वरचा पांढरा थर मात्र निकोलाओस त्सेलेमेंतेस नावाच्या आचाऱ्याने १९२०च्या दशकात रूढ केला. फ्रेंच स्वयंपाकावर त्याचा फार जीव, आणि ग्रीक जेवणाला येणारा तुर्की वास त्याला नकोसा. शेजारी तुर्कस्तानात मुसाका आजही त्या पांढऱ्या छपराशिवाय जेवतात, त्यांचं काही अडत नाही.

यावर हसण्याआधी आपल्या हंडीतून बटाटा काढा. रताळं काढा. हिरवी मिरची काढा. ही तिन्ही मूळची अमेरिकेची, पोर्तुगीज गलबतांच्या मागोमाग आपल्या किनाऱ्याला लागलेली. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगिजांना दिली, चिमाजी अप्पांनी १७३९ साली किल्ला जिंकून घेतला, पण मिरची कोणी परत केली नाही. उलट मुसाकातलं वांगं आपल्याकडचं. ते अरबांच्या हाताने पश्चिमेला गेलं आणि भूमध्य समुद्राभोवती घरजावई झालं. म्हणजे हिशेब फिटला. शेकोटीपाशी कोणी ‘आपली हजार वर्षांची परंपरा’ असं सुरू केलं, तर त्याच्या हातात एक बटाटा ठेवावा आणि सोलायला सांगावा.

पायरी पहिली: मडकं

गळ्याशी थोडं निमुळतं, पोटाशी रुंद, चार-पाच लिटरचं मातीचं मडकं घ्यावं. रंगवलेलं, नक्षी काढलेलं, दिवाणखान्यात ठेवायचं घेऊ नये. रंग शिजतो आणि पोटात जातो. बोटाने टिचकी मारावी. खणखणीत वाजलं तर घ्यावं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. विकणारी बाई म्हणेल, सगळी मडकी अशीच वाजतात. तरी दुसरं घ्यावं.

नवं मडकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावं. माती पाणी पिते आणि दुसऱ्या दिवशी जाळावर एकदम तडकत नाही. मडकं विरार लोकलमधून आणायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर आणू नये, एवढी एकच सूचना पुरे.

पायरी दुसरी: बाजार

आठ-दहा माणसांसाठी: वालपापडी अर्धा किलो, कोनफळ अर्धा किलो, रताळी, छोटे बटाटे आणि छोटी वांगी प्रत्येकी पाव किलो, कच्ची केळी चार, शेवग्याच्या शेंगा दोन. सुरण आवडत असेल तर पावशेर. एक नारळ, कोथिंबिरीची मोठी जुडी, ओल्या लसणीच्या पातीची एक जुडी, आल्याचा बोटभर तुकडा, दहा-बारा हिरव्या मिरच्या, दोन चमचे ओवा, धने-जिरे, हळद, मीठ, वाटीभर तेल. केळीची पानं चार. पानं विकत घ्यावी लागणं वसईत लाजिरवाणं आहे, पण आता घ्यावी लागतात.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीतच करायचं. पापडी तेव्हाच कोवळी असते, लसणीची पात तेव्हाच मिळते. मे महिन्यात फ्रीजरमधली पापडी घालून हंडी लावणाऱ्यांशी वाद घालू नये, त्यांच्याकडे जेवायलाही जाऊ नये.

बाजारात प्रत्येक वस्तू ‘गावठी’ असते. वापीहून रात्री टेम्पोत आलेली पापडीसुद्धा सकाळी स्टेशनबाहेर उतरेपर्यंत गावठी झालेली असते. खरी ओळखायची तर आठ-दहा शेंगांत एखादी किडकी असावी. अळीलाही चव कळते. कोनफळ बाहेरून इतकं कुरूप असतं की नवशिका ते परत ठेवतो. ठेवू नये. नखाने साल खरवडून आत जांभळं दिसतं का, एवढंच बघावं.

इथे जरा थांबतो, कारण पाककृतींत सहसा न लिहिलं जाणारं साहित्य इथे येतं, ते म्हणजे वाडी. पूर्वी या यादीतलं तेल, मीठ आणि मसाले सोडले तर बाकी सगळं एका वाडीत मिळे. नारळीच्या ओळींमध्ये केळी, केळींच्या सावलीला वांगी-मिरच्या, कुंपणावर चढलेला पापडीचा वेल, कडेला कोनफळाची आळी, आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं, जिरवणारं वाडीतलं तळं. त्यावर रहाट चाले आणि त्या गोड्या पाण्याच्या जोरावर समुद्र इतका जवळ असूनही विहिरी खारावत नसत. उकडहंडीचं प्रमाण वाटी-चमच्यात कधीच ठरलं नव्हतं. त्या दिवशी वाडीत फिरताना ओटीत जे पडलं ते प्रमाण. मग बावखलं बुजली, वाड्यांचे प्लॉट झाले, टँकर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई चळवळीची माणसं या पाण्या-हिरवाईसाठी रस्त्यावर उतरली, म्हणून जे उरलं ते उरलं. नवशिक्याचा बारावा मजला कदाचित एखाद्या बावखलावरच उभा असेल. त्यात त्याचा दोष नाही. पण टोपली घेऊन बसलेल्या बाईशी पापडीच्या भावावरून घासाघीस करताना एवढं मनात असावं.

पायरी तिसरी: चिरणं

पापडीच्या शिरा काढाव्यात, शेंग चिरू नये. बटाटे सालीसकट, मधे चीर देऊन. रताळ्याचे आणि कोनफळाचे सुपारीएवढे नव्हे, लिंबाएवढे तुकडे. बारीक केले तर लगदा होतो. सुरण चिरताना हाताला तेल लावावं आणि तुकडे चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात ठेवावेत, नाहीतर हात आणि घसा दोन्ही खाजतील. सुरणात काचेच्या सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. केळी सालासकट, दोन तुकडे करून. वांग्यांना चार चिरा, देठ शाबूत.

घरात कोणी बसून असेल तर त्याला पापडीच्या शिरा काढायला द्याव्यात. एवढ्या कामानंतर तो माणूस ‘आम्ही हंडी लावली’ असं वर्षभर सांगतो.

पायरी चौथी: वाटण

खोबरं, कोथिंबीर, लसणीची पात, आलं, मिरच्या, ओवा, धने-जिरे, हळद आणि मीठ जाडसर वाटायचं, पाणी न घालता. मिक्सर फिरत नाही म्हणून पाणी घालायची इच्छा होईल, तेव्हा तेल घालावं. वांगी आणि बटाटे या वाटणाने भरायचे, बाकीच्यांना तेलासकट चोळायचं. मीठ नीट बघावं, वाटण चाखून बघावं. पुढे चाखायची सोय नाही.

सोडा घालू नये. पापडीचा हिरवा रंग टिकावा म्हणून काहीजण चिमूटभर खायचा सोडा घालतात. पापडी हिरवी राहते, मान्य. पण कोनफळाच्या जांभळ्या रंगाला सोडा चालत नाही, तो निळा-हिरवा होतो. पाहुण्यांना भाजी वाढतोय की शाई, हे मग समजावत बसावं लागतं.

पायरी पाचवी: थर

ही खरी विद्या. तरी ती विरारकराला शिकवावी लागत नाही. चर्चगेटहून सुटणाऱ्या विरार गाडीत जो शेवटपर्यंत जाणार तो आत सरकतो, ज्याला बोरिवलीला उतरायचं तो दारात उभा राहतो. हंडीचंही तेच. ज्याला शिजायला वेळ लागतो तो खाली, विस्तवाजवळ. ज्याला कमी लागतो तो वर.

तळाला केळीचं पान, दोन पदरी. त्यावर तेलाची धार. मग कोनफळ, सुरण, बटाटे. मग रताळी आणि केळी. त्यावर शेवगा. वांगी त्याच्या वर, कारण वांगं स्पंजासारखं तेल पितं आणि विस्तवाजवळ ठेवलं तर तळाचं सगळं तेल एकटं संपवतं. सर्वांत वर पापडी, आणि उरलेलं वाटण तिच्यावर. प्रत्येक थरानंतर हाताने हलकेच दाबावं, ठासू नये. वाफेला फिरायला वाट हवी. गळ्याशी चार बोटं मोकळी सोडावीत. वर पुन्हा केळीचं पान, त्यावर परळ किंवा झाकण, आणि कडेने भिजवलेल्या कणकेची पट्टी.

या कणकेचं नवशिक्याला फार कौतुक वाटतं. तिचा उपयोग वाफ अडवायला आहेच, पण मुख्य उपयोग पुरावा म्हणून. कोणी मधेच झाकण काढलं तर कणीक तुटलेली दिसते.

पायरी सहावी: जाळ

वाडी असेल तर तीन दगडांची चूल, नारळाची सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या, शेणी. आधी जाळ करावा, तो बसू द्यावा, मग निखाऱ्यांवर हंडी ठेवावी आणि कडेने शेणी रचाव्यात. झाकणावर थोडे निखारे ठेवले तर पापडीला वरूनही आच लागते.

वाडी नसेल तर गच्ची आठवते. गच्चीवर जाळ करायला सोसायटीची परवानगी लागते, आणि परवानगी मागितली की सेक्रेटरींना जेवायला बोलवावं लागतं. बंद बाल्कनीत किंवा खोलीत कोळशाची शेगडी मुळीच पेटवू नये. ही थट्टा नाही. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि दरवर्षी थंडीत तो माणसं मारतो. फ्लॅटमध्ये जाड बुडाचं पातेलं घ्यावं, खाली तवा, मंद गॅस, पन्नास मिनिटं. धुराचा वास येणार नाही. कुकर वापरू नये. त्यात पापडीची चटणी होते आणि थरांचा काला.

पायरी सातवी

काही करू नये.

मन रमवायला नवशिका सातव्या पायरीवर काहीतरी काम शोधतो. आच वाढवतो, कमी करतो, शेणी हलवतो. आणि मग झाकणाकडे हात जातो. काय होतं ते समजून घ्यावं. भाज्यांतलं पाणी वाफ होऊन वर चढतं, झाकणाला आतून लागतं, थंड होऊन थेंबांनी पुन्हा खाली उतरतं. आत तेवढंच पाणी आहे, दुसरं नाही. ते वर-खाली फिरत राहतं तोवर तळाचं कोनफळ करपत नाही आणि वरची पापडी वातड होत नाही. झाकण उचललं की तो पांढरा ढग निघून जातो, बघणारे ‘वा!’ म्हणतात, आणि तळ जळायला लागतो. वर भाजी कच्ची, खाली कोळसा, असं ज्या हंडीचं होतं तिच्यापाशी त्या संध्याकाळी एकतरी उत्सुक माणूस बसलेला असतो. त्याचं नाव मात्र कधी कोणी सांगत नाही.

डोळ्यांना काम नाही म्हणून नाकाने बघावं. पहिला वास कच्च्या लसणीचा. मग बराच वेळ नुसता ओवा. मग रताळ्याचा गोडूस वास येतो, तेव्हा नवशिक्याला वाटतं झालं. नाही झालं. शेवटी केळीचं पान करपल्याचा, किंचित कडसर, भाजका वास येतो. त्यानंतर पाच मिनिटं, आणि उतरवावी. पाऊण ते एक तास धरावा, पण घड्याळ हे फक्त पाहुण्यांना दाखवायला.

तळ लागतोय अशी शंका आली तर फडक्याने हंडीचा गळा धरून ती जागच्या जागी हिंदकळावी. डाव, चमचा, उलथणं यांतलं काहीही आत जाता कामा नये.

याच तासात सल्लागार जमतात. मामा म्हणतात, ‘अजून वास कुठे आलाय?’ काका म्हणतात, ‘अरे, जळली!’ दोघांनाही सर्दी असते. घरातून आत्या विचारतात, ‘झाली का रे? भाकऱ्या टाकू का?’ याला उत्तर ‘टाका’ हेच द्यावं, कारण भाकऱ्या गार झाल्या तर दोष हंडीचा, आणि हंडी गार झाली तर दोष तुमचा. भाऊजी मोबाइल काढून सांगतात की यूट्यूबवर अर्ध्या तासात होते. त्यांना निखारे आणायला पाठवावं. थंडीत ताडी मिळते, ती या तासासाठीच आहे असं माझं मत. पण हंडी राखणाऱ्याला ती देऊ नये.

पायरी आठवी: उघडणं

मोठ्या परातीत केळीचं पान पसरून हंडी एका दमात पालथी करावी. डावाने उकरून काढू नये. खालचं वर येतं. जांभळं कोनफळ सगळ्यांत वर, थोडं करपलेलं, तेलाने चमकणारं. इतका वेळ तळाशी चटके सोसलेल्याला पहिला मान मिळाला, असं भाषण कोणीतरी करतो. तो तुकडा उचलून त्याच्या तोंडात घालावा.

वर कच्चं तेल आणि लिंबू, सोबत तांदळाची भाकरी आणि ताक. बटाटा कच्चा निघाला तर तो नवशिक्याने स्वतःच्या पानात वाढून घ्यावा. मीठ कमी पडलं असेल तर आता काही करता येत नाही. हिरवी चटणी पुढे सरकवावी आणि विषय भुजिंगावर, म्हणजे भाजलेली कोंबडी घातलेल्या पोह्यांवर, न्यावा. आगाशीचं भुजिंग नक्की कुठल्या दुकानाचं चांगलं, यावर विरारकर तासभर बोलतात, तेवढ्यात हंडी संपते.

उरलंच तर दुसऱ्या दिवशी कोनफळ-रताळं कुस्करून, तांदळाचं पीठ लावून थालीपिठासारखं थापावं. मुद्दाम जास्त करून ठेवावं इतकं चांगलं लागतं.

आवराआवर: केळीची पानं, साली, देठ वाडीत केळीच्या बुंध्याशी टाकावेत. वाडी नसेल तर ओल्या कचऱ्यात. राख कुंडीतल्या झाडांना. मडकं शाबूत राहिलं तर साबण न लावता राखेने घासून उन्हात वाळवावं, पुढच्या हिवाळ्यात ते आणखी चांगलं चालतं. तडकलं असेल तर ते ओल्या कचऱ्यात द्यायचं की सुक्या, हे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लिहिलेलं नाही. वॉचमन म्हणतो सुक्यात. कचरा नेणारा म्हणतो, माती आहे, ओल्यात. सेक्रेटरी जेवायला आले असतील, तर त्यांनाच विचारावं.